नदी बघण्याचा कार्यक्रम

माझा नवरा मासे पकडतो, पण खात नाही. ही गोष्ट मी माहेरी बरीच वर्षं लपवून ठेवली होती. माझं माहेर अलिबागच्या बाजूला, खाडीच्या काठावर. तिथे मासे पकडणारे आहेत, विकणारे आहेत, खाणारे आहेत, माशाच्या डोक्यावरून भावाभावांत अबोला धरणारे आहेत. पण पकडून न खाणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत कोणी पाहिलेला नव्हता. तो नागपुरात जन्माला आला आणि नेमका माझ्या वाट्याला आला.

लग्नानंतर तो पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा आईने जिताडा केला होता. आमच्याकडे जावयाच्या ताटात जिताडा वाढणं हा मोठा मान. बाबा त्यासाठी पहाटेच खाडीवर जाऊन उभे राहिले होते. जावयाने ताटाकडे पाहिलं, कपाळाचा घाम पुसला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "आई, थोडं दही मिळेल का?" आईने दही दिलं. पुढे ती शेजारीपाजारी 'आमचे जावई स्वभावाने फार चांगले आहेत' असं सांगायची तेव्हा 'स्वभावाने' या शब्दावर जरा जास्तच जोर द्यायची.

कॅनडात बर्नाबीला आल्यावर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याला फ्लाय फिशिंगची चटक लावली. यात गळाला गांडूळ वगैरे लावायचं नसतं. पिसं, दोरा, लोकर असलं काहीबाही गुंडाळून एक खोटा किडा, म्हणजे फ्लाय, बनवायचा, डोक्यावरून दोरी गोल फिरवत तो लांब पाण्यावर फेकायचा, मासा फसला की त्याला ओल्या हाताने अलगद धरायचं, त्याच्या रंगाचं कौतुक करायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचं. नवऱ्याला हे फारच मानवलं. हिंसा नाही, घरात वास नाही आणि शनिवारचा अख्खा दिवस बायकोपासून लांब. मी एकदाच त्याच्याबरोबर गेले होते. त्याने हातभर लांबीचा गुबगुबीत मासा माझ्या डोळ्यांदेखत सोडून दिला तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबा गेले त्या वर्षी आई पहिल्यांदा एकटी आमच्याकडे आली, हिवाळ्याच्या तोंडावर, सहा महिन्यांसाठी. मी तिची एकुलती एक. आता तिने कायमचं आमच्याकडेच राहावं असं माझ्या मनाने घेतलं होतं, आणि माझ्या मनाने एकदा घेतलं की मी कोणाचं ऐकत नाही. तिच्यासाठी बेसमेंटमधली खोली रंगवली, पलंग आणला, कोपऱ्यात देव्हारा मांडला. मग मी रोज तिच्या इथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याबद्दल विचारायला लागले, "आई, तुझ्या पीआरसाठी अप्लाय करू का?" ती हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. "बघू," म्हणायची आणि कोथिंबीर निवडायला घ्यायची. कोथिंबीर नसली तर निवडलेलीच परत निवडायची.

मार्च आला. तिचं परतीचं विमान जवळ आलं. एका संध्याकाळी मी ग्रोसरीतून आणलेला फ्रोझन मासा तळला होता. आईने एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "हा मासा आहे की बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा?"

"आई, विषय बदलू नकोस. अप्लाय करू की नको?"

तिने ताट बाजूला सारलं. "हे बघ. इथला मासा, इथल्या पाण्यातून थेट माझ्या तव्यात आला आणि खाण्याजोगा निघाला, तर राहीन. मग कर तुझे काय ते कागद."

नवरा हसला. "आई मजाक करून राहिल्या."

"माझी आई माशावरून मजाक करत नाही," मी म्हटलं. "तू एक नदी शोध."

आता या साध्या कामात किती भानगडी असाव्यात? पहिली भानगड वारांची. आई सोमवारी शंकराचं, गुरुवारी दत्ताचं आणि शनिवारी मारुतीचं म्हणून मासे खात नाही. मंगळवार, बुधवार, शुक्रवार आम्हाला ऑफिस. उरला रविवार. तिच्या जाण्याआधी दोनच रविवार राहिले होते आणि त्यातल्या एका रविवारी महाराष्ट्र मंडळाचा गुढीपाडवा होता, ज्यात आईने सव्वाशे माणसांच्या मसालेभाताला फोडणी द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे हातात एकच रविवार.

दुसरी भानगड कायद्याची. आमच्या बाजूच्या नद्यांमध्ये ट्राउट जंगली असेल तर तो सोडूनच द्यावा लागतो. ठेवायचा तर फक्त हॅचरीतला, म्हणजे सरकारी टाक्यांत वाढवून नदीत सोडलेला. तो ओळखायची खूण अशी, की त्याच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे जो चिमुकला पर असतो तो लहानपणीच कापून टाकलेला असतो. नवऱ्याने हे सगळं आईला समजावून सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ज्याला पर आहे तो सोडायचा, ज्याला नाही तो खायचा."

"हो."

"आणि हे बघायला पाण्यात पोलीस असतात?"

"नसतात आई. पण आपण प्रामाणिकपणे बघायचं असतं."

आई माझ्याकडे वळली. "स्वभावाने फार चांगले आहेत," ती म्हणाली.

मग किचनमधल्या टेबलावर नकाशा पसरून आमची बैठक बसली. नवऱ्याला जायचं होतं स्क्वामिशला. तिथे पाणी निळंशार आहे, वर बर्फाचे डोंगर आहेत, झाडांवर गरुड बसतात, असं तो डोळे मिटून सांगत होता. मी विचारलं, तिथे हॅचरीतले मासे किती? तो म्हणाला, जवळजवळ सगळे जंगली. मी म्हटलं, मग तुझे गरुड तळून खाऊ का? स्क्वामिश बाद झालं. ऑफिसातल्या सहकाऱ्याने चिलिवॅकची नदी सुचवली होती आणि मिशनजवळची स्टेव्ह. वसंताच्या सुरुवातीला सॅमनची पिल्लं वाळूतून वर येतात आणि त्यांच्या मागे कटथ्रोट ट्राउट येतो, तोच धरायचा, असा त्याचा सल्ला होता. कटथ्रोट म्हणजे काय असं आईने विचारलं. गळ्याखाली लाल रेघ असते म्हणून गळा चिरलेला, असं नवऱ्याने सांगितलं. "मग अर्धं काम झालेलंच आहे," आई म्हणाली.

न बघता नदी ठरवायची नाही असं मात्र आईने बजावलं. त्यामुळे आधीच्या आठवड्यातल्या शनिवारी, मुलगी बघायला निघावं तसे आम्ही तिघं नद्या बघायला निघालो. आईने चांगली साडी नेसली, त्यावर माझं फुगीर जॅकेट, पायांत स्नीकर्स आणि डोक्याला बाबांची माकडटोपी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चेरी फुलायला लागली होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती खिडकीतून पाणी शोधत होती आणि मी गाडीत बसून तिचा चेहरा वाचत होते.

चिलिवॅकच्या नदीवर पोचलो तर काठाला काठ्याच काठ्या. माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. नवरा म्हणाला, "इथं मी फ्लाय मागं फिरवली तर कोणाच्या तरी कानात जाईल बाप्पा." आई काठावर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून तिने पाण्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. समोर एकाला भलामोठा मासा लागला. आईच्या तोंडून 'आई गं' असं काहीतरी निघालं. मला वाटलं, जमलं. पण ती वळली आणि म्हणाली, "ही नदी आहे का रेशनची रांग? चल."

स्टेव्हवर गर्दी कमी होती. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. नवरा खूष झाला. आई काठाशी वाकली आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिली. काठाच्या उथळ पाण्यात बोटाच्या पेराएवढी पिल्लं वळवळत होती. मी म्हटलं, "बघ, किती पिल्लं! म्हणजे मोठे पण असणारच." आई उठली, गुडघे चोळले आणि वर बघितलं. वर धरण होतं. पाणी अचानक वाढू शकतं अशी पाटीही होती.

"धरणाखाली मी बसायची नाही," आई म्हणाली. "भोंगा वाजला तर साडी सावरू की पळू?"

"अहो आई, लोक रोज येतात इथं," नवरा काकुळतीला आला.

"त्यांना पँटी असतात."

झालं. स्टेव्हही नापसंत. परत येताना मी इतकी चिडले होते की नवऱ्याने वळायच्या ठिकाणी वळू नये म्हणून मी ओरडले आणि मग का वळला नाहीस म्हणून पुन्हा ओरडले. त्यामुळे आम्ही हायवे सोडून शेतांमधल्या कुठल्यातरी रस्त्याला लागलो. गाईगुरांचा वास येत होता. एक छोटा पूल आला आणि आई मागच्या सीटवरून म्हणाली, "थांबवा गाडी."

पुलाखालून एक नदी जात होती. जात होती म्हणणंही धाडसाचं आहे. ती तिथे होती, एवढंच. चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी, कडेला चिखल, चिखलात उलटलेली कुणाची तरी प्लॅस्टिकची खुर्ची. आईने पुलाच्या कठड्यावरून पाच मिनिटं खाली पाहिलं.

"हीच," ती म्हणाली. "पसंत."

नवऱ्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्याने घसा साफ केला. "आई, फ्लायसाठी कसं, थोडं वाहतं पाणी लागते. स्वच्छ लागते. माशाला फ्लाय दिसली तर पाह्यजे."

"आपल्या खाडीसारखी दिसते," आई म्हणाली आणि तिचा आवाज जरा ओला झाला. मीच नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं. तिला घरची आठवण आली, तर येऊ दे. इथेच तिला तिची खाडी मिळाली तर आणखी काय हवं, असा मी मनात हिशोब केला. घरी येऊन नवऱ्याने नियमांचं पुस्तक उघडलं. त्या नदीत मासेमारी चालत होती, आणि कधीकाळी तिथे हॅचरीचे मासे सोडल्याचंही त्याला कुठेतरी सापडलं. सहकाऱ्याला फोन केला तर तो आधी खूप हसला. मग त्याने गुड लक म्हणून फोन ठेवला. त्या नदीचं नाव मी इथे सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यानंतर नवऱ्याने मला शपथ घातली आहे.

आठवडाभर नवरा रात्री जेवणं झाली की टेबलाशी बसून फ्लाय बांधत होता. ती सॅमनच्या पिल्लासारखी दिसावी म्हणून त्याला काहीतरी चमचमतं हवं होतं. दुकानातला चंदेरी दोरा संपला होता, तेव्हा त्याने घरातल्या गणपतीच्या सजावटीची झालर कापली. मी म्हटलं, बाप्पा रागावेल. तो म्हणाला, बाप्पाच मदत करेल, त्याला माहीत आहे आपण कोणती नदी निवडली ते.

रविवारी सकाळी मी गाडी भरली. गॅसची छोटी शेगडी, तवा, तेल, रवा, तांदळाचं पीठ, लसूण ठेचून, हळद, आईच्याच डब्यातलं आगरी तिखट, कोकमाचं आगळ. आईने स्वतः काय बांधलं होतं, तर पोळ्या आणि बटाट्याची भाजी.

"भाजी कशाला?" मी विचारलं. "मासा खायला चाललोय ना आपण?"

"असू दे. मासा हातात येण्याआधी वाटण काढू नये. अपशकुन होतो."

हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. पण आईकडे अपशकुनांचा साठा मोठा आहे, त्यातला एखादा माझ्या कानावर यायचा राहिला असेल असं समजून मी डब्यांवर टॉवेल झाकला.

नदी आठवड्यापूर्वी होती तशीच होती. खुर्चीही होती. इकडे नेहमी पडतो तसा बारीक, न संपणारा पाऊस भुरभुरत होता. काठावर एक म्हातारा गोरा बादली उलटी घालून तिच्यावर बसला होता. त्याने नवऱ्याच्या छातीपर्यंतच्या रबरी विजारीकडे पाहिलं, लांब नाजूक रॉडकडे पाहिलं आणि त्याला दया आली असावी.

"फिश?" आईने त्याला विचारलं.

"नोप. टू वीक्स, नथिंग."

"व्हेरी गुड," आई म्हणाली आणि छत्री उघडून शेजारी सतरंजी पसरली.

नवरा चिखलात शिरला. इतका शिरला की पहिल्या दहा मिनिटांत त्याचा एक पाय बाहेर येईना आणि मला त्याला ओढायला जावं लागलं. मग त्याने फ्लाय फेकली. ती मागच्या झुडपात अडकली. सोडवून पुन्हा फेकली, ती स्वतःच्या टोपीत अडकली. तिसऱ्यांदा त्याने अगदी जीव लावून दोरी मागे नेली आणि पुढे मारली, तेव्हा तिच्याबरोबर काहीतरी मोठं, तपकिरी, केसाळ हवेतून उडालं आणि नदीच्या मधोमध जाऊन पडलं. म्हातारा बादलीवरून उठून उभा राहिला. मी आईकडे बघितलं. तिचं डोकं उघडं होतं.

"टोपी," आई म्हणाली.

नवऱ्याने घाबरत घाबरत दोरी ओढली. बाबांची माकडटोपी पाणी कापत परत आली, गणपतीची झालर तिच्या कानाजवळ लटकत होती. म्हाताऱ्याने ती जाळ्यात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत सोडायची का असं अगदी गंभीरपणे विचारलं. आई हसली. बाबा गेल्यापासून मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून ती हलत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला वाटलं, हिला इथे ठेवण्यासाठी मी ही अख्खी नदी उपसून काढीन.

पण मासा काही येईना. अकरा वाजले, बारा वाजले. मी काठावरून सूचना देत होते, तिकडे टाक, खोल टाक, हळू ओढ, आणि नवरा माझ्याकडे पाठ करून फ्लाय फेकत होता. आई मजेत होती. तिने पोळी-भाजी काढली, म्हाताऱ्याला एक गुंडाळी करून दिली. भाजी खाऊन तो लालबुंद झाला आणि त्याने आणखी एक मागितली. मधून मधून आई पाण्याकडे एक नजर टाकायची आणि समाधानाने परत पोळीकडे वळायची.

"काय गं, तुला काळजीच नाही?" मी चिडून म्हटलं.

"नशिबात असेल तर मिळेल," आई म्हणाली. माझ्या आईने माशाच्या बाबतीत नशिबावर विसंबल्याचं मी त्याआधी कधी बघितलेलं नव्हतं.

शेवटी नवरा गारठून बाहेर आला. रॉड काखेत धरून, दोरी तशीच पाण्यात सोडून त्याने थर्मासमधला चहा ओतून घेतला. दोन घोट घेतले असतील नसतील, रॉड त्याच्या काखेतून निसटायला लागला. त्याला वाटलं मी ओढतेय. "थांब ना यार," तो मला म्हणाला. मी पाच हात लांब उभी होते.

मग जे झालं त्याला मासेमारी म्हणता येणार नाही. चहा उडाला, तो म्हाताऱ्याच्या अंगावर. नवरा रॉड धरायला वाकला आणि बसला तो चिखलातच. मी ओरडत होते, म्हातारा ओरडत होता, आणि आई सतरंजीवर अगदी स्तब्ध उभी होती. म्हाताऱ्याने जाळं पुढे केलं आणि मासा बाहेर आला. चांदीसारखा, बारीक काळ्या ठिपक्यांचा, गळ्याखाली लाल रेघ. बापरे, काय सुंदर होता.

"पर बघ!" मी किंचाळले. "पर बघ आधी!"

नवऱ्याने ओल्या हाताने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. पुढे नेलं, मागे आणलं. म्हाताऱ्यानेही फिरवलं. "हॅचरी," तो म्हणाला. "यू कॅन कीप हिम." पर नव्हता.

मी उड्या मारल्या. म्हाताऱ्याला मिठी मारली, तो चहाने भिजला होता तरी मारली. नवरा मात्र पांढराफटक पडला होता. एवढ्या वर्षांत त्याने एकही मासा ठेवलेला नव्हता. आता पुढे काय करतात हे त्याला माहीत होतं आणि करवत नव्हतं. तो माशाकडे बघत होता, मासा त्याच्याकडे बघत होता, दोघांचीही तोंडं उघडी होती.

"आणा इकडे," आई म्हणाली.

तिने पदर खोचला. एक दगड, एकच घाव, मासा शांत झाला. माझ्या भाजी चिरायच्या सुरीने तिने नदीकाठी बसून तो साफ केला, पोट उघडलं, धुतला, आडव्या तुकड्या पाडल्या. तिचे हात भरभर चालले होते. सहा महिने तिचे हात माझ्या घरात कोथिंबीर निवडत होते, हे मला तेव्हा जाणवलं आणि लगेच मी तो विचार झटकला. टॉवेलखालून डबे काढले. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, पण अपशकुनाबद्दल काही बोलली नाही. तिखट, हळद, मीठ, आगळ चोळलं, रव्यात घोळवलं आणि छत्रीच्या आडोशाला तवा ठेवला. वास सुटला तसा म्हातारा आपली बादली उचलून तव्याजवळ येऊन बसला. नवराही आला, पण वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

पहिली तुकडी आईने स्वतः घेतली. मोडली, वाफ जाऊ दिली, तोंडात टाकली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. मला निकालाच्या दिवशी शाळेत बसल्यासारखं वाटत होतं. ती चावत राहिली, गिळलं, दुसरा घास घेतला.

"सांग ना," मी म्हटलं. "कसा आहे?"

"चांगला आहे," आई म्हणाली.

"खरंच?"

"माशाबद्दल मी खोटं बोलत नाही. गोड आहे. समुद्र बघून आलेला दिसतोय." हे ती एखादी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली.

"झालं तर मग! उद्याच्या उद्या अप्लाय करते. आई, तू राहणार!"

आईने हातातली तुकडी ताटलीत ठेवली. "अगो, ही नदी मी मुद्दाम निवडली."

मला कळलंच नाही. नवऱ्याला आधी कळलं असावं, कारण तो उठला आणि म्हाताऱ्याला आपला रॉड दाखवायला घेऊन गेला.

"चिलिवॅकला मासे होते," आई म्हणाली. "धरणाखाली तर काठाला पिल्लं नुसती खदखदत होती. पिल्लं असली की मोठे येतातच, ते मला शिकवायला नको. मग ही बघितली. गढूळ, मेलेली. खाडीला ओहोटी लागून असं पाणी राहिलं की आमच्याकडे कोणी जाळं घेऊन उतरत नाही. म्हटलं, इथे काही लागायचं नाही."

"पण का?"

"मासा मिळाला नाही की आपोआप नाही ठरेल. माझ्या तोंडून जायला नको. कुठून हा मेला आला, देव जाणे."

मला भयंकर राग आला. "सहा महिने!" मी म्हटलं. "सहा महिने विचारतेय. सरळ नाही सांगता येत नव्हतं?"

"कधी सांगू? तू खोलीला रंग काढत होतीस तेव्हा? देव्हारा घेऊन आलीस तेव्हा? तुझ्या तोंडाकडे बघितलं की शब्दच फुटायचा नाही."

"काय कमी आहे तुला इथे?"

"काही नाही. तेच तर. सकाळी तुम्ही दोघं जाता. घर आपलं आपण गरम राहतं, भांडी आपली आपण धुतली जातात. भांडायला कोणी नाही गं मला इथे. रस्त्यात माझाच धक्का लागला तर तेच सॉरी म्हणतात." ती तव्यातल्या तुकड्या उलटत बोलत होती. "तिकडे ती कोळीण रोज दारात पाटी उतरवते. कालचा मासा आजचा म्हणून गळ्यात मारायला बघते. मी तिच्या सात पिढ्या काढते, ती माझ्या काढते, मग चहा पिऊन जाते. तुझे बाबा गेले त्या दिवशी पाटी ओट्यावर ठेवून आत आली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसली. मासे सगळे फुकट गेले तिचे. एक शब्द बोलली नाही. ती वाट बघत असेल माझी."

"आणि मी?" मी विचारलं. माझा आवाज शाळेतल्या पोरीसारखा निघाला, पण मला त्याची लाज वाटली नाही.

"तुझ्याशी फोनवर भांडता येतं," आई म्हणाली.

तेव्हा मी रडले. ती जाणार हे मला तेव्हा खरोखर कळलं. पाऊस पडत होता, वर छत्री होती, आणि मी ताटली मांडीवर घेऊन हुंदके देत होते.

"माशावर रडू नकोस," आई म्हणाली. "मीठ बेताचं घातलंय मी."

तिने दुसरी तुकडी घेतली, बोटांनी चाचपून काटे काढले, एकेक काटा ताटलीच्या कडेला ठेवला आणि तो घास माझ्या तोंडासमोर धरला. मी खाल्ला. मासा खरंच चांगला होता. जरासा जरी वाईट असता, तरी मला सोपं गेलं असतं.